पिस्तूल सातपुड्यातले, भांडण पुण्यातले

इंदूर-इच्छापूर रस्ता सातपुडा उतरू लागला की आधी असीरगड दिसतो, मग निंबोला येते, मग बुऱ्हाणपूर, आणि इच्छापूर मागे पडले की महाराष्ट्र. असीरगडाला जुने लोक दख्खनचा दरवाजा म्हणत. खानदेशच्या फारुकी सुलतानांकडून तो घ्यायला खुद्द अकबराच्या फौजेला महिनोन्‌महिने वेढा घालून बसावे लागले. १६०१ साली तो पडला. नर्मदेकडून तापीकडे यायचे तर ही वाट चुकवून भागत नसे, आणि आजही फारसे भागत नाही. केळीचे ट्रक, सुताचे गठ्ठे, ओंकारेश्वरला निघालेल्या महाराष्ट्रातल्या गाड्या, सगळे इथूनच. २०२५ च्या मार्चमध्ये ‘छावा’ सिनेमा पाहून मोगलांची सोन्याची नाणी सापडतील म्हणून रात्री बॅटऱ्या घेऊन असीरगडाजवळची शेते उकरणारी मंडळीही याच मुलखातली. निंबोल्याच्या पोलीस थान्याला काय काय निस्तरावे लागते, याची कल्पना यावी म्हणून हे सांगितले.

या रहदारीतच कधी एखाद्या पोराच्या पाठपिशवीत, कपड्यांच्या घडीखाली, दोन-तीन पिस्तुले असतात. पोर बसमध्ये खिडकीशी बसलेले असते. खबर आधीच लागली असेल तर ते नाक्यावर उतरवले जाते. नसेल तर बस भुसावळला पोहोचते, आणि तिथून पुढे पुणे, नाशिक, मुंबई, कुठेही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते ते नेहमीचेच: टेबलावर मांडलेली पिस्तुले, शेजारी ओळीने जिवंत काडतुसे, मागे उभे पोलीस आणि तोंडावर रुमाल बांधलेला आरोपी. पकडले किती, ते फोटोत दिसते. घडवली किती आणि पोहोचली किती, हे त्यात कधी येत नाही.

मध्य प्रदेशातल्या निमाड भागात आणि बुऱ्हाणपूर जिल्ह्यात गावठी पिस्तुले घडवणारी ठिकाणे पोलिसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. बुऱ्हाणपूरच्या खकनार तालुक्यातले पाचोरी, खरगोनमधले सिगनूर, बडवानीतले उमर्टी. ही नावे दिल्ली, पंजाब, हरियाणापर्यंतच्या पोलीस डायऱ्यांत सापडतात. तिथे काम करणारे हात बहुतेक सिकलीगर शिखांचे. सिकलीगर म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारे कारागीर. गुरु गोविंदसिंगांच्या फौजेसाठी शस्त्रे घडवणारे म्हणून समाजात त्यांना मान होता. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला आणि परवान्याशिवाय हत्यार हा गुन्हा ठरला. कारागिरी राहिली, गिऱ्हाईक गेले. पुढे काहींनी कढया, कुलपे, चाव्या, शेतीची अवजारे धरली, काही वेल्डिंगच्या दुकानात बसले, आणि काही घरांनी भट्टी पेटती ठेवली. या मोजक्या घरांमुळे सगळ्या समाजाच्या कपाळी शिक्का बसला. सिकलीगर आडनावाच्या मुलाला इंदुरात भाड्याने खोली मिळवताना काय ऐकावे लागत असेल, याचा अंदाज करायला फार डोके लागत नाही.

पिस्तूल घडवायला कारखाना लागत नाही, हीच पोलिसांची पहिली अडचण. भाता, ऐरण, कानस, हाताने चालवायचे ड्रिल आणि जुन्या वाहनांचे लोखंड एवढे असले की पुरते. एक भट्टी तोडली तर आठवड्यात नाल्याच्या पलीकडे दुसरी मांडता येते. मोठा छापा पडला की थोडे दिवस शांतता, भाव वर, आणि भाव वर गेला की नवा कारागीर. छापे घालू नयेत असे मी म्हणत नाही. पण छाप्यालाच सगळा उपाय समजले की दर वर्षी तोच उपाय नव्याने करावा लागतो.

उमर्टीचा किस्सा तर सीमेवरच्या पोलिसांची कोंडी पुरती दाखवतो. या नावाचे गाव दोन्ही राज्यांत आहे, मध्ये फक्त नदी. फेब्रुवारी २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा ग्रामीणचे पोलीस एका संशयिताला धरायला गेले, तर जमावाने हल्ला केला आणि एका पोलिसाला उचलून पलीकडे नेले; बडवानीच्या पोलिसांची मदत घेऊन त्याला सोडवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याचे पोलीस शंभराहून जास्त माणसे घेऊन थेट मध्य प्रदेशातल्या उमर्टीत उतरले. पन्नासच्या आसपास भट्ट्या मोडल्या, ३६ जणांना ताब्यात घेतले. पुण्यात सापडलेल्या पिस्तुलांचा माग काढत ते तिथवर गेले होते. शहराच्या पोलिसांनी चारशे किलोमीटर जाऊन मूळ गाठले, हे कौतुकाचेच. पण ते परतल्यावर पुढच्या महिन्यात गावात कोण जाणार, हा प्रश्न गावातच राहिला.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलावर क्रमांक असतो. तो क्रमांक धरून पोलीस कारखाना, दुकान, पहिले गिऱ्हाईक असे मागे मागे जाऊ शकतात. गावठी पिस्तुलावर क्रमांक नसतो. असलाच तर ‘मेड इन यूएसए’ असा हौसेने कोरलेला खोटा शिक्का. साध्या कट्ट्याच्या नळीत आटेही नसतात, त्यामुळे गोळीवर आट्यांच्या खुणा उमटत नाहीत, आणि प्रयोगशाळेला घोड्याच्या ठोक्याची खूण, काडतुसाच्या बुडावरचे ओरखडे यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणजे हत्यार स्वतः फारसे बोलत नाही. त्याचा माग माणसांतूनच काढावा लागतो: आणणारा, ठेवणारा, विकणारा, विकत घेणारा.

काडतुसाचे मात्र उलटे आहे. पितळेची पुंगळी, तिच्यात बसणारी टोपी, मोजून भरलेली दारू हे भात्यावर होत नाही. काडतुसे कारखान्यातच बनतात आणि परवानाधारकासाठी बाजारात येतात. परवान्यावर किती काडतुसे घ्यायची याची मर्यादा लिहिलेली असते, दुकानदाराच्या वहीत नोंद असते. तरी ती कुठे तरी वहीतून निसटतात आणि पाठपिशवीत येतात. .३२ बोअरची गावठी पिस्तुले इतकी चालतात त्याचे एक कारण हेच की या बोअरचा परवाना सामान्य नागरिकाला मिळू शकतो, म्हणून त्याची काडतुसेही फिरत असतात. माझ्या मते पिस्तुलांच्या मागे जेवढी धावाधाव होते तिच्या निम्मी जरी परवान्याच्या वह्या तपासण्यात झाली, तरी पुष्कळ फरक पडेल. काडतुसाविना पिस्तूल म्हणजे धमकी देण्यापुरते लोखंड. पण वह्या तपासण्याचा फोटो निघत नाही.

कायदा सैल आहे असे म्हणायला जागा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन विनापरवाना हत्यार बनवणे, विकणे यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आली. नुसते बाळगल्याबद्दलही किमान दोन वर्षे. टोळी म्हणून गुन्हे करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ पासून मोक्का आहे, तर नव्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीचे वेगळे कलम आहे. शिवाय महाराष्ट्रात तडीपारी, मध्य प्रदेशात जिलाबदर. पण बाळगल्याचा खटला उभा राहायला आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, पंच टिकावे लागतात. पंच फितूर होतो, अहवाल उशिरा येतो, आणि बसमध्ये पकडलेला पोरगा दोन-तीन महिन्यांत जामिनावर सुटतो. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे जगभर एक गोष्ट सांगत आले आहेत: शिक्षा किती मोठी याचा धाक फारसा बसत नाही, ती नक्की होणार आणि लवकर होणार, याचा बसतो. आपल्याकडे शिक्षेचा आकडा वाढत गेला आणि नक्कीपणा आहे तिथेच राहिला.

आता दुसरे टोक. पिस्तूल चालते ते पाचोरीत किंवा निंबोल्यात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे काहीसे. ५ जानेवारी २०२४ ला पुण्यात कोथरूडमध्ये शरद मोहोळ या गुंडाला भरदिवसा गोळ्या घालून मारले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळीबार आणि कोयत्याचे वार झाले, त्यात ते गेले. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच खुनातल्या एका आरोपीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याच पेठेत गोळ्या घातल्या गेल्या. बदला म्हणून, असे तपासात पुढे आले. वर्ष उलटले, पोलीस होते, आरोपी तुरुंगात होते, सगळ्या पेठेला धोका ठाऊक होता, आणि तरी हे झाले. पुढचा मरणारा कोण आणि मारणारे कोणत्या घरातले, याचा अंदाज असूनही तो अंदाज कामाला येत नाही, हे टोळीयुद्धाचे सगळ्यात त्रासदायक अंग आहे.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९९० च्या दशकात नेमका हाच अंदाज कामाला लावला गेला. तरुण पोरे एकमेकांना गोळ्या घालत होती. हार्वर्डचे डेव्हिड केनेडी आणि त्यांचे सहकारी पोलिसांबरोबर बसले आणि त्यांनी आधी मोजदाद केली. शहरात ६१ टोळ्या, त्यांत साधारण १३०० पोरे, म्हणजे त्या वयाच्या मुलांत एक टक्काही नाही. आणि तरुणांच्या खुनांपैकी किमान ६० टक्के या पोरांच्या आपसांतल्या भांडणांशी जोडलेले. गरिबी, वस्ती, सिनेमा अशा सगळ्या मोठ्या कारणांची चर्चा बाजूला ठेवून या तेराशेंकडे वळायचे ठरले. १९९६ च्या मे महिन्यात टोळ्यांतल्या पोरांना बोलावून समोर बसवले. समोर पोलीस होते, सरकारी वकील होते, परिवीक्षा अधिकारी होते. पण त्यांच्याबरोबर वस्तीतले पाद्री आणि पोरांबरोबर काम करणारे कार्यकर्तेही होते. निरोप सरळ होता. गोळीबार थांबवा. थांबवला नाही तर ज्याने घोडा ओढला तोच नव्हे, त्याच्या टोळीतल्या प्रत्येकाची सगळी जुनी खाती उघडली जातील. आणि बाहेर पडायचे असेल तर काम, शिक्षण, व्यसनमुक्ती, जे लागेल ते द्यायला ही माणसे इथे बसली आहेत. एका टोळीने ऐकले नाही, तिच्यावर कारवाई झाली. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांना दाखवले गेले. तरुणांच्या खुनांची महिन्याची सरासरी ६३ टक्क्यांनी घटली.

हा आकडा डोळे मिटून घेऊ नये. त्या काळात साऱ्या अमेरिकेतच खून कमी होत होते. २००० नंतर अधिकारी बदलले, बैठका बंद पडल्या आणि बॉस्टनचे आकडे पुन्हा चढले. पण माझ्यासाठी ते चढणेच जास्त बोलके आहे.

आता पुण्याकडे पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस आयुक्तांनी शहरातल्या नामी गुंडांना आयुक्तालयात बोलावून ओळीत उभे केले. दोनशेहून जास्त होते. समज दिली, फोटो काढले, वाहिन्यांवर दिवसभर दाखवले. वरवर पाहता बॉस्टनच्या बैठकीसारखेच. पण त्या खोलीत मोहल्ल्यातले कोणी नव्हते, कोणाची आई नव्हती, काम देणारा कोणी नव्हता. आणि समज दिली ती एकेकट्याला: तू सुधार. टोळीला उद्देशून, तुमच्यातला एक जरी चुकला तर सगळे भोगाल, असा निरोप नव्हता. परिणामी वाहिन्यांनी ती परेड पुन्हा पुन्हा दाखवली तेव्हा ओळीत कोण कुठे उभे होते, याचीच चर्चा पोरांत जास्त रंगली असणार. गुंडाला गर्दीसमोर उभे केले की त्याची बदनामी होते हे आपले मत. त्याच्या टोळक्यात तीच त्याची प्रसिद्धी ठरू शकते. रस्त्यावरून धिंड काढण्याच्या प्रकारालाही मला हेच लागू वाटते.

स्कॉटलंडच्या ग्लासगोत हत्यार चाकू होते, पण पद्धत बॉस्टनची उचलली. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला, कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन या दोघांनी. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयात बोलावले गेले. तिथे पोलिसांनंतर बोलला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर: चाकूने फाटलेला चेहरा शिवताना काय होते, ते. मग बोलली जिचा मुलगा गेला ती आई. पोरे पोलिसांकडे पाहून हसली असतील, आईकडे पाहून हसायला जमले नाही. शेवटी एक फोन नंबर दिला, बाहेर पडायचे असेल त्यांच्यासाठी.

परक्या उदाहरणांनी कंटाळा येत असेल तर आपल्या घरात एक आहे, आणि तेही यंत्रमागाच्या गावातले. बुऱ्हाणपूर आणि भिवंडी, दोन्हीकडे यंत्रमागाची खटखट, दोन्हीकडे मिश्र वस्ती. भिवंडीत १९७० ला आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी कमी आणि साधी माणसे जास्त: माग चालवणारे, दुकानदार, शिक्षक, दोन्ही धर्मांचे. समितीची जबाबदारी साहेबाकडे नसून बीटवरच्या पोलिसाकडे होती. त्याला गल्ली माहीत आणि गल्लीला तो माहीत. बैठका दंगल झाल्यावर नव्हे, एरवी होत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच प्रश्नावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे पुस्तकच लिहिले. मुंबईतही दंगलीनंतर १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो आदींनी मोहल्ला समितीचे काम उभे केले. दंगल आणि टोळीयुद्ध एक नव्हे, हे खरे. पण दोन्हींत अफवा, बदला आणि ‘आज रात्री काही तरी होणार’ ही खबर सगळ्यात आधी गल्लीलाच लागते. ती खबर पोलिसापर्यंत यायची तर पोलीस ओळखीचा असावा लागतो.

निंबोला, खकनार, नेपानगर या पट्ट्यात ओळखीचा पोलीस ही सोपी गोष्ट नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात बाकडीच्या वन चौकीतून जंगल अतिक्रमण करणाऱ्यांनी बंदुका लुटून नेल्या, तर एप्रिल २०२३ मध्ये जमावाने थेट नेपानगरच्या थान्यावर चालून जाऊन अटकेतल्या माणसांना सोडवून नेले. जंगलाच्या जमिनीचा हा तंटा पिस्तुलांच्या धंद्याहून वेगळा. पण थान्यावर माणसे चाल करून येतात तेव्हा थान्याची आणि गावांची बोलचाल किती तुटली असेल, हे कळते. मध्य प्रदेशात प्रत्येक गावाला कोटवार म्हणजे गावराखा असतो, ग्राम रक्षा समित्यांसाठी वेगळा कायदा आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात पोलीस पाटील आहे, १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांनी सुरू केलेली तंटामुक्त गाव मोहीम आहे. यंत्रणा कागदावर दोन्हीकडे भरपूर. कोटवाराला मात्र साहेब आले की खुर्च्या मांडण्याचे काम जास्त असते.

सिकलीगर वस्त्यांत प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. गुरुद्वाऱ्यात शपथा झाल्या, पोलिसांनी समजावले, प्रशासनाने प्रशिक्षण आणि कर्जाची भाषा केली. शपथ घेणाऱ्याची नियत खोटी असते असे मला वाटत नाही. पण लोखंडाला हवा तो आकार देणारा माणूस शिवणकामाच्या किंवा शेळीपालनाच्या योजनेत बसवला जातो, तेव्हा योजना बनवणाऱ्याने त्याचा हात पाहिलेलाच नसतो. खंडव्या-इंदुराच्या वर्कशॉपांना, पिथमपूरच्या कारखान्यांना फिटर, टर्नर लागतात. ज्याच्या नावावर जुना खटला आहे त्याला फाटकातून आत कोण घेणार, एवढाच खरा अडसर; आणि तो पोलीस अधीक्षकाच्या एका चिठ्ठीने बराच हलू शकतो. पोलिसाने कामासाठी शिफारस करायची, ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते. बॉस्टन, ग्लासगोतही सुरुवातीला वाटली होती.

उरतो प्रश्न दोन टोकांना जोडण्याचा. पुण्यात पिस्तूल सापडले की ते कोणत्या हातचे, कोणत्या दलालाकडून आले, ही माहिती बुऱ्हाणपूर-बडवानीच्या थान्यांना त्याच आठवड्यात मिळायला हवी. इकडे पाठपिशवीवाला धरला तर तो माल कोणत्या टोळीसाठी होता, हे पुण्याला त्याच रात्री कळायला हवे. कारण मागणी आली याचाच अर्थ तिकडे कोणाचा तरी जीव धोक्यात आहे. पिस्तुलाची ऑर्डर ही पुढच्या खुनाची आगाऊ सूचना असते, आणि ती निंबोल्याच्या नाक्यावर मिळते. हे करायला नवा कायदा लागत नाही. बुऱ्हाणपूर, जळगाव, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांच्या पोलिसांच्या सीमा समन्वय बैठका होतातच. फरार आरोपींच्या याद्या बदलल्या जातात, नाके ठरतात, मोबाइल क्रमांक घेतले जातात. फक्त या बैठका बहुधा निवडणूक जाहीर झाली की होतात. मतमोजणी आटोपली की नाके उठतात, आणि बस पुन्हा न थांबता भुसावळकडे जाऊ लागते.